मुकुट, पक्षी आणि मतपेटी : राजकारणातला पुरातन दावा कसा तपासायचा

युरोपातल्या उजव्या पॉप्युलिस्ट पुढाऱ्यांची भाषणं लक्ष देऊन ऐकली तर त्यांत एक पाहुणा हमखास भेटतो. कधी हजार वर्षांपूर्वीचा राजा, कधी दंतकथेतला पक्षी, कधी मध्ययुगातली लढाई. विषय निर्वासितांचा किंवा ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, नियमांचा चाललेला असतो, हा पाहुणा मध्येच येतो आणि टाळ्या घेऊन जातो. ऐकणाऱ्यांपैकी काही भारावतात, काही 'थापा आहेत सगळ्या' म्हणून मान फिरवतात. तपासणी दोघांकडूनही राहून जाते.

ती कशी करायची ते इथे हंगेरीच्या उदाहरणावर दाखवलं आहे. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, आंतरराष्ट्रीय बातम्या लिहिणारे पत्रकार, अभ्यासमंडळ चालवणारे अशा कुणालाही ती जमेल. हंगेरी निवडण्याचं कारण व्यवहारी आहे. तिथे पुरातन दावा थेट राज्यघटनेत लिहिलेला आहे, सरकारनेच त्याचं इंग्रजी भाषांतर केलेलं आहे, आणि त्या दाव्याचा पुढे न्यायालयात काय उपयोग झाला तेही कागदावर आहे.

पद्धतीमागचं गृहीतक आधी सांगून टाकू. पॉप्युलिस्ट नेता म्हणतो की खरी जनता एकच आहे आणि तिच्या वतीने फक्त आम्ही बोलतो. निवडणूक हरल्यावर हे म्हणणं अडचणीत येतं. मग जनतेचा जन्म मतपेटीच्या कितीतरी आधी नेऊन ठेवावा लागतो. एप्रिल २००२ मध्ये हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान निवडणूक हरले. ७ मे २००२ रोजी बुडापेस्टच्या दिस चौकातल्या सभेत ते म्हणाले की मातृभूमी विरोधी बाकांवर बसू शकत नाही. त्या वाक्यात राजा नाही, मुकुट नाही, पण पुढच्या सगळ्या मुकुटांची गरज तिथेच तयार झाली. निवडणूक पक्ष हरतो, राष्ट्र हरत नाही, आणि राष्ट्र आमच्याकडे आहे. म्हणजे पुरातन कल्पना इथे ज्येष्ठतेचा दाखला म्हणून येते. तपासायचा आहे तो हा दाखला.

आधी काय लागतं

एक वाक्य किंवा एक चिन्ह. अख्खा पक्ष घेऊ नका, अख्खं भाषणही नको. 'ओर्बान आणि इतिहास' असा विषय धरलात तर आठवड्याने हाती फक्त विशेषणं उरतील. वाक्य असं निवडा की त्यात भूतकाळही असेल आणि 'आम्ही'ही असेल.

वाक्यासोबत तारीख, ठिकाण आणि प्रसंग लिहून ठेवा. हंगेरीत असे चार ठरलेले दिवस आहेत : १५ मार्च (१८४८ ची क्रांती), ४ जून (१९२० चा त्रियानोंचा तह), २० ऑगस्ट (हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान) आणि २३ ऑक्टोबर (१९५६ चा उठाव). एकाच नेत्याची या चार दिवसांची भाषणं शेजारी ठेवली की कोणत्या प्रसंगाला कोणता पूर्वज बाहेर काढला जातो ते आपोआप दिसतं.

बाकी एक कोरा कागद आणि तीनेक तास पुरतात. आपण घेतलेलं वाक्य २०११ साली मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू असलेल्या 'मूलभूत कायद्या'च्या प्रास्ताविकातलं आहे. त्याचा आशय असा : आमच्या ऐतिहासिक राज्यघटनेने जे कमावलं त्याचा आणि पवित्र मुकुटाचा आम्ही सन्मान करतो; हा मुकुट हंगेरीच्या राज्याचं घटनात्मक सातत्य आणि राष्ट्राची एकता यांचं मूर्त रूप आहे.

पाच तारखांचं कार्ड

जमीन घेताना सातबारा पाहून आपण थांबत नाही, मागचे फेरफारही काढतो. तसंच इथे. कागदावर पाच ओळी आखा.

दाव्यातला काळ : इ. स. १००० च्या सुमारास, इश्तवानचा राज्याभिषेक.
सर्वांत जुना भौतिक पुरावा : मुकुटाच्या खालच्या पट्ट्यावरची मीनाकारी, १०७० चं दशक.
कल्पनेची लेखी मांडणी : १५१४.
राजकारणातलं पुनरुज्जीवन : १९२० ते १९४४.
चालू वापर : २००० आणि २०११.

आता एकेक ओळ भरताना काय पाहायचं ते. दुसरी ओळ भरायला मुकुटाचं मागच्या बाजूचं छायाचित्र लागतं. नेहमी छापतात ते समोरून काढलेलं असतं. खालच्या पट्ट्यावर मागे बायझंटाइन सम्राट सातवा मायकेल आहे. त्याची कारकीर्द १०७१ ते १०७८. त्याच्या खालच्या बाजूला हंगेरीचा राजा पहिला गेझा, राज्यकाळ १०७४ ते १०७७. इश्तवान वारला १०३८ मध्ये. म्हणजे आज दिसतो त्या रूपातला हा मुकुट त्याच्या डोक्यावर असणं शक्य नाही. अजून बारकाईने पाहा : सम्राटाच्या डोक्यामागे प्रभावळ आहे, गेझाच्या मागे नाही. स्वतंत्र राज्याची सर्वोच्च खूण म्हणून जी वस्तू ठेवली आहे, तिच्यावर आपलाच राजा दुसऱ्याच्या सम्राटापेक्षा एक पायरी खाली बसवलेला आहे.

इथवर आल्यावर बहुतेकजण कार्ड बाजूला ठेवून 'उघडं पाडलं!' म्हणतात. घाई करू नका. ही ओळ सर्वांत गमतीची असली तरी सर्वांत कमी कामाची आहे. का, ते पुढे येईल.

चौथ्या ओळीत दोन महायुद्धांमधली हंगेरी आहे. राजा नसलेलं राज्य, आणि राजप्रतिनिधी म्हणून नौदल सेनापती मिक्लोश होर्ती. सिंहासन रिकामं, त्यामुळे मुकुटाचं महत्त्व वाढलं. सत्ता राजाच्या नावाने चालवता येत नव्हती, ती मुकुटाच्या नावाने चालली. १९४५ मध्ये मुकुट अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेला, फोर्ट नॉक्समध्ये राहिला आणि जानेवारी १९७८ मध्ये परत आला. परत आल्यावर तो राष्ट्रीय संग्रहालयात होता. १ जानेवारी २००० रोजी, ओर्बान यांच्या पहिल्या सरकारच्या काळात, तो संसदेच्या इमारतीत हलवला गेला. पाचव्या ओळीत हेच नोंदवायचं. वस्तू तीच, पण काच कुठल्या इमारतीत आहे त्यावरून तिचं काम बदलतं. संग्रहालयात ती पाहायची वस्तू होती, संसदेत ती कायदा करणाऱ्यांच्या डोक्यावर आली.

तेव्हाच्या 'आम्ही'त कोण होतं?

तिसऱ्या ओळीला वेगळा तास द्या. १५१४ मध्ये इश्तवान वेर्बोत्सी या कायदेपंडिताने देशाच्या रूढ कायद्याचा संग्रह तयार केला. त्यात सगळे सरदार, लहान असोत की मोठे, पवित्र मुकुटाचे अवयव आहेत आणि त्यांचं स्वातंत्र्य एकसारखं आहे अशी मांडणी आहे. राष्ट्राची एकता म्हणतात ती ही. या एकतेत शेतकरी नव्हता.

त्याच वर्षी ग्योर्ज दोझाच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं आणि चिरडलं गेलं. दोझाला तापलेल्या लोखंडी आसनावर बसवून, डोक्यावर तापलेला लोखंडी मुकुट ठेवून मारलं. पाठोपाठ शेतकऱ्यांना कायमचं जमिनीला जखडणारे कायदे झाले. एकाच सालातले हे दोन मुकुट कार्डावर शेजारी लिहा. आजचा नेता 'उच्चभ्रूंच्या विरोधात सामान्य माणूस' अशी फळी उभी करतो आणि तिच्या हाती जो झेंडा देतो, तो मुळात उच्चभ्रूंनी सामान्य माणसाला बाहेर ठेवण्यासाठी शिवलेला होता.

पायरी म्हणून सांगायचं तर प्रश्न असा विचारा : हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा त्यातल्या 'आम्ही'ला कर माफ होता का, मत होतं का, शस्त्र बाळगता येत होतं का? आणि आजच्या सभेला आलेल्या माणसाचे पूर्वज त्या ओळीच्या कोणत्या बाजूला उभे असते? उत्तर बहुतेक वेळा अवघड निघतं. 'सगळे आत होते' असं निघालं तर पुन्हा तपासा.

उडी कुठून कुठे मारली आहे?

सातत्याच्या प्रत्येक दाव्यात कुठेतरी उडी असते आणि प्रामाणिक मजकुरात ती लिहिलेलीही असते. या प्रास्ताविकात ती तारखेसह आहे. १९ मार्च १९४४ ला, म्हणजे जर्मन सैन्य आलं त्या दिवशी, देशाने आत्मनिर्णय गमावला आणि २ मे १९९० ला, निवडून आलेली पहिली संसद बसली तेव्हा, तो परत मिळाला असं तिथे म्हटलं आहे.

आता खड्ड्यात काय पडलं ते पाहा. मे ते जुलै १९४४ दरम्यान चार लाखांहून अधिक ज्यूंना, बहुतांशी ऑशविट्झला, पाठवण्यात आलं, आणि ते काम हंगेरीच्याच पोलिसदलाने आणि प्रशासनाने पार पाडलं. उडीमुळे ही घटना 'आपल्या' इतिहासाबाहेर जाते. उलट, ज्यूंचं विद्यापीठांतलं प्रमाण मर्यादित करणारा १९२० चा कायदा आणि १९३८ पासूनचे ज्यूविरोधी कायदे उडीच्या अलीकडे, म्हणजे सातत्याच्या आत राहतात. त्यांचा हिशेब मात्र प्रास्ताविक मांडत नाही.

उडीची लांबी बदलते का तेही बघायचं. २०१० मध्ये दोन तृतीयांश बहुमत मिळाल्यावर संसदेने 'राष्ट्रीय सहकार्या'चा जाहीरनामा मंजूर केला आणि तो ५० गुणिले ७० सेंटीमीटरच्या चौकटीत सरकारी इमारतींत लावायचं फर्मान निघालं. त्यात ४६ वर्षांची परकीय सत्ता आणि हुकूमशाही, आणि वर दोन दशकांचं गोंधळाचं संक्रमण अशी मोजदाद आहे. म्हणजे एका कागदावर उडी १९९० ला उतरते, दुसऱ्यावर थेट २०१० ला, स्वतःच्या विजयाच्या दिवशी. हे लक्षात आलं की 'परंपरा' कुणाच्या दारात येऊन संपते ते वेगळं सांगावं लागत नाही.

उडी दगडातही दिसते. संसदेसमोरचा कोशुत चौक १९४४ पूर्वीच्या रूपात आणायचा ठराव २०११ मध्ये झाला. डिसेंबर २०१८ मध्ये जवळच्या चौकातला इम्रे नॉज यांचा पुतळा हलवला गेला. १९५६ च्या उठावाचे पंतप्रधान, ज्यांना फाशी झाली, ते हे. त्या जागी १९३४ मध्ये उभारलेलं, १९१९ च्या कम्युनिस्ट राजवटीतल्या बळींचं स्मारक पुन्हा बांधण्यात आलं. शहरात फिरताना पुतळे मोजू नका, हललेले पुतळे मोजा.

कल्पनेला कोणत्या कामाला लावलं आहे?

बहुतेक लेख प्रतीकांच्या वर्णनावर थांबतात, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. पुरातन वाक्यातून कुणाला नागरिकत्व मिळालं, कुणाचं मत वाढलं, कोणता नियम अडला हे शोधायचं आहे.

मुकुटाच्या वाक्याची साखळी अशी लागते. घटनेचं कलम 'आर' सांगतं की या मूलभूत कायद्याचा अर्थ लावताना प्रास्ताविक आणि ऐतिहासिक राज्यघटनेची कमाई या दोन्हींशी तो जुळला पाहिजे. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने जून २०११ मध्येच ही 'कमाई' म्हणजे नेमकं काय हे स्पष्ट नसल्याचं म्हटलं होतं. कलम काही वर्षं तसं शांत होतं. २०१५ मध्ये युरोपीय संघाने निर्वासितांची वाटणी ठरवली, हंगेरीच्या वाट्याला १,२९४ माणसं आली. सरकारने २ ऑक्टोबर २०१६ ला सार्वमत घेतलं. वैध मतांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक वाटणीच्या विरोधात पडली, पण निम्म्या मतदारांनी वैध मत देण्याची अट पूर्ण झाली नाही आणि सार्वमत बाद ठरलं. मग घटनादुरुस्ती आणली. ८ नोव्हेंबरला तिला १३१ मतं मिळाली, लागत होती १३३. टोकाच्या उजव्या योब्बिक पक्षानेच साथ दिली नाही. ३० नोव्हेंबरला घटनात्मक न्यायालयाचा निकाल आला. हंगेरीची घटनात्मक ओळख घटनेने निर्माण केलेली नाही, घटना तिला फक्त मान्यता देते, असं त्यात म्हटलं आणि त्या ओळखीची मुळं ऐतिहासिक राज्यघटनेत दाखवली. सार्वमताने जे दिलं नाही, दोन तृतीयांश बहुमताने जे दिलं नाही, ते घटनेच्या आधीपासून असलेल्या एका गोष्टीच्या नावाने मिळालं. जून २०१८ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मग या ओळखीचं आणि ख्रिस्ती संस्कृतीचं रक्षण हे सरकारी यंत्रणांचं कर्तव्यच करून टाकलं.

साखळी लिहिताना प्रत्येक कडीला तारीख द्या. तारीख नसलेली कडी म्हणजे तुमचा तर्क. तो वेगळ्या शाईने लिहा.

दुसरी साखळी त्रियानोंची. १९२० च्या तहात हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन भाषक नव्या सीमांपलीकडे राहिले. हे नुकसान खरं आहे, त्याला 'मिथक' म्हणून उडवून लावणाऱ्याचं पुढचं काही कुणी ऐकत नाही, आणि बरोबरच करतात. २०१० मध्ये ४ जून हा राष्ट्रीय एकतेचा दिवस झाला आणि पूर्वज हंगेरीचे नागरिक असलेल्या, भाषा येणाऱ्या परदेशस्थांना नागरिकत्व सोपं झालं. त्यांना पक्षाच्या यादीसाठी टपालाने मत देता येऊ लागलं. २०१४ मध्ये या टपाली मतांपैकी सुमारे ९५ टक्के ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला गेली. १९९ जागांच्या संसदेत दोन तृतीयांश म्हणजे १३३. फिदेसला बरोबर १३३ मिळाल्या. त्याच वेळी लंडनला नोकरीसाठी गेलेल्या, हंगेरीतच घराचा पत्ता असलेल्या माणसाला मात्र मत द्यायला दूतावासात जावं लागत होतं. हजार वर्षांच्या राष्ट्रात कोण किती सहज आत येतं, ते टपालाच्या नियमात दिसतं.

काय गाळलं?

पुरातन व्यक्तीचं पूर्ण दप्तर काढा आणि आजच्या वापरात कोणतं पान येत नाही ते शोधा. इश्तवानच्या नावावर मुलगा इम्रे याला केलेला उपदेश आहे, लॅटिनमध्ये, अकराव्या शतकातला. त्यात परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना सांभाळ असं सांगितलं आहे. ते वेगवेगळ्या भाषा, चालीरीती, विद्या आणि शस्त्रं घेऊन येतात, त्याने दरबाराला शोभा येते. एकच भाषा आणि एकच रीत असलेलं राज्य दुबळं आणि ठिसूळ असतं. कुंपण बांधणाऱ्या सरकारच्या २० ऑगस्टच्या भाषणात हे पान कितपत येतं, ते स्वतःच शोधून पाहा. सरावाला उत्तम.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे पूर्वजांचं आपसातलं भांडण. तुरुल हा हंगेरीचा पौराणिक पक्षी. इ. स. १२०० च्या सुमाराच्या एका निनावी लेखकाच्या बखरीत एमेशे नावाच्या स्त्रीला स्वप्नात हा पक्षी दिसतो आणि तिच्या पोटी आल्मोश, राजघराण्याचा मूळपुरुष, जन्मतो. २९ सप्टेंबर २०१२ रोजी ओपुस्तासेर इथे तुरुलचं शिल्प उघडताना ओर्बान म्हणाले की तुरुल ही हंगेरियनांची आदिप्रतिमा आहे, तिच्यात आपण जन्म घेतो. आता इश्तवान आठवा : त्याने ख्रिस्ती राज्य उभं करताना जुन्या वारसाहक्कावर दावा सांगणाऱ्या आपल्याच नातलगाला, कोप्पान्यला, जर्मन सरदारांच्या मदतीने हरवलं आणि त्याच्या देहाचे चार तुकडे चार गडांवर पाठवले. राणी गिझेला बव्हेरियाची. प्रास्ताविकात इश्तवान, चौथऱ्यावर तुरुल. एक पूर्वज दुसऱ्याला मारून उठला, त्या दोघांना एकाच मांडवात बसवलं आहे.

विसंगती सापडली म्हणून हरखून जाऊ नका. ती दोष म्हणून नव्हे, सोय म्हणून वाचायची. चर्चला जाणाऱ्याला इश्तवान, घोडेस्वारीच्या मेळ्याला जाणाऱ्याला तुरुल, आणि पूर्वेच्या राजधान्यांत आणखी तिसरा. २०१८ मध्ये किरगिझस्तानातल्या, तुर्की कुळातल्या भाषा बोलणाऱ्या देशांच्या परिषदेत हंगेरी निरीक्षक म्हणून गेली आणि हंगेरियन भाषेचं तुर्की भाषांशी नातं आहे असं ओर्बान तिथे म्हणाले. भाषाशास्त्रज्ञ तिला उरल कुळात घालतात, जवळच्या बहिणी पश्चिम सैबेरियातल्या खांती आणि मान्सी. तुर्की शब्द तिने भरपूर उचलले, पण घराणं वेगळं. पुढच्याच वर्षी त्या परिषदेचं युरोपातलं कार्यालय बुडापेस्टला उघडलं. कार्डावर हे 'कामाला लावलं'च्या रकान्यात जातं, 'चूक'च्या नाही.

हमखास होणाऱ्या चुका

पहिली, मीनाकारीवर थांबणं. मुकुट इश्तवानचा नाही हे हंगेरीतल्या संग्रहालयांत आणि पुस्तकांत उघड लिहिलेलं आहे. श्रद्धाळू माणसालाही बऱ्याचदा ठाऊक असतं. त्याने काही ढळत नाही, कारण वस्तूचा अधिकार तिच्या वयावर नाही, तिच्यापुढे किती पिढ्या झुकल्या त्यावर उभा आहे. 'खोटं आहे' म्हणालात की समोरचा तुम्हाला परका ठरवतो आणि पॉप्युलिस्ट नेत्याला हवी असलेली फळी तुम्हीच पुरी करता. तारीख सांगा, पण मोहीम तिच्यावर उभारू नका.

दुसरी, प्रत्येक जुन्या खुणेला उजवी ठरवणं. हंगेरीच्या राजचिन्हावर मुकुट आणला तो १९९० च्या मुक्त निवडणुकीतून आलेल्या संसदेने, बिनमुकुटाच्या कोशुत चिन्हाशी वाद करून. तेव्हा फिदेस हा तरुण उदारमतवाद्यांचा पक्ष होता. नुसते मुकुट मोजत गेलात तर हाती चुकीचा माणूस लागेल. चिन्हासोबत कामाची साखळी जुळली तरच नोंद पक्की.

तिसरी, 'जुनं' हा एकच गठ्ठा करणं. इश्तवानचा उपदेश खरोखर अकराव्या शतकातला. तुरुल बखरीत बाराशेच्या सुमाराचा, पण उंच चबुतऱ्यावर बसला १८९६ च्या (हंगेरियन या भूमीत आल्याच्या) सहस्राब्दी सोहळ्याच्या लाटेत (ततबान्याचा प्रचंड तुरुल १९०७ चा). आणि ४ जूनचा राष्ट्रीय दिवस २०१० चा. तिघांना एकच भाव लावला की विश्लेषण कोसळतं. आमच्या मते एकोणिसाव्या शतकाचा शेवट हा सर्वांत दुर्लक्षित थर आहे. आज 'प्राचीन' म्हणून मिरवणारं बरंच काही रेल्वे आणि छापखान्यानंतरचं आहे.

एक लढाई, तीन मालक

पद्धत दुसऱ्या देशात चालते का ते लेन्यानोवर पाहा. २९ मे ११७६ रोजी उत्तर इटलीतल्या शहरांच्या लोम्बार्ड संघाने सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला इथे हरवलं. लढाई पक्की. तिचा नायक आल्बेर्तो दा जुस्सानो मात्र पहिल्यांदा भेटतो चौदाव्या शतकातल्या गाल्वानो फियाम्माच्या बखरीत. ११६७ साली पोंतिदा या गावात संघाने घेतलेल्या शपथेलाही समकालीन पुरावा नाही.

पहिला मालक एकोणिसाव्या शतकातला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातून इटली एक करू पाहणाऱ्यांनी ही लढाई उचलली. १८४७ च्या, पुढे राष्ट्रगीत झालेल्या गीतात आल्प्सपासून सिसिलीपर्यंत सगळीकडे लेन्यानोच आहे अशा अर्थाची ओळ आहे. लेन्यानोतला तलवार उंचावलेला पुतळा १९०० चा. दुसरा मालक उंबेर्तो बोस्सी यांचा लेगा नोर्द, म्हणजे 'उत्तरेचा संघ', हा पक्ष. त्यांनी त्याच पुतळ्याची आकृती चिन्ह म्हणून घेतली, १९९० पासून पोंतिदात मेळावे भरवले आणि लढाईचा अर्थ उलटा केला : बार्बारोसाच्या जागी रोम, आणि इटली एक करण्याऐवजी उत्तर वेगळी करणं. सप्टेंबर १९९६ मध्ये बोस्सींनी पो नदीच्या उगमाचं पाणी कुपीत भरलं, ते व्हेनिसला आणून ओतलं आणि १५ सप्टेंबरला 'पादानिया' या उत्तरेच्या कल्पित देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. विधी नवा कोरा, नदी तेवढी जुनी. तिसरे मालक त्याच पक्षाचे पुढचे नेते मात्तेओ साल्विनी. त्यांनी २०१८ च्या निवडणुकीआधी चिन्हातून 'उत्तर' हा शब्द काढला, दक्षिणेत मतं मागितली, तलवारवाला तसाच ठेवला. आता बार्बारोसा म्हणजे ब्रसेल्स.

गाळलेलं पान इथेही आहे. ११८३ च्या कॉन्स्टन्सच्या तहात शहरांनी सम्राटाचं वरिष्ठत्व मान्य केलं आणि बदल्यात आपले अधिकारी निवडण्याचा हक्क घेतला. स्वातंत्र्य मिळालं ते साम्राज्यात राहून. ब्रसेल्सविरुद्धच्या सभेत हे सांगणं गैरसोयीचं, हे समजण्यासारखं आहे.

६ ऑक्टोबर २०२४ रोजी पोंतिदाच्या मंचावर पाहुणे म्हणून ओर्बान होते. आधीच्या वर्षी फ्रान्सच्या उजव्या नेत्या मारीन ल पेन होत्या. जर्मन सरदारांच्या मदतीने राज्य उभं करणारा इश्तवान आणि जर्मन सम्राटाला हरवणारा आल्बेर्तो एका मंचावर कसे मावतात, हे कार्डाच्या पाचव्या ओळीनेच कळतं; पहिल्या चार कुठे जुळत नाहीत.

स्वतः भरायला तिसरं कार्ड फ्रान्सचं घ्या : जोन ऑफ आर्क. १४३१ मध्ये चर्चच्या न्यायालयाने दोषी ठरवून जाळलं, १४५६ मध्ये निकाल फिरवला, १९२० मध्ये संतपद दिलं आणि त्याच वर्षी मे महिन्याचा दुसरा रविवार तिचा राष्ट्रीय दिवस ठरला. तिसऱ्या ओळीत घाई करू नका. तिच्या खटल्याची कागदपत्रं १८४० च्या दशकात छापणारा ज्यूल किशेरा हा प्रजासत्ताकवादी होता, चर्चचा मित्र नव्हे. आणि पाचव्या ओळीसाठी एवढं पुरे : उजव्या पॉप्युलिस्ट नॅशनल फ्रंट पक्षाने १९८८ पासून पॅरिसमधल्या तिच्या सोनेरी पुतळ्यापर्यंतचा मोर्चा मेच्या दुसऱ्या रविवारी न काढता १ मे रोजी, म्हणजे कामगार संघटना रस्त्यावर असतात त्या दिवशी काढायला सुरुवात केली.